बारा किल्ल्यांपैकी बाबांना कुठले दाखवू? आणि गडावर स्पीकर लावणाऱ्यांशी कसं बोलायचं?

बागलाणची लेक

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत बाबांना घेऊन किल्ले बघायला निघायचं आहे. त्यासाठी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

आधी बाबांविषयी सांगते. वय सत्त्याहत्तर. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. गाव सटाण्याच्या पलीकडचं, त्यामुळे साल्हेर लहानपणापासून डोळ्यांसमोर. ११ जुलै २०२५ ला पॅरिसच्या बैठकीत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या पेपरातली ती बातमी त्यांनी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. घरी येणाऱ्या प्रत्येकाला कपाट उघडून दाखवतात. अकरा किल्ले महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. पण बोट पहिल्यांदा जातं ते साल्हेरवरच. १६७२ साली मोरोपंत आणि प्रतापराव मोगलांशी तिथे समोरासमोर, उघड्या मैदानात लढले, हे आमच्या दूधवाल्यालाही आता पाठ झालं आहे.

साल्हेर त्यांना चढवणं शक्य नाही. १५६७ मीटर उंची, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला. बाबांचा एक गुडघा बदललेला आहे. थांबत थांबत पन्नास-साठ पायऱ्या जमतात, सपाटीवर मात्र ते माझ्याही पुढे चालतात. तर बारांपैकी कुठले दोन-तीन त्यांना नीट, निवांतपणे बघता येतील?

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. बाबा कानाला यंत्र लावतात. मे महिन्यात एका किल्ल्यावर गेलो होतो. तिथे एका ग्रुपने मोठा ब्लूटूथ स्पीकर आणला होता आणि प्रत्येक बुरुजावर तो बरोबर फिरत होता. यंत्रातून तो आवाज कानात घुसायला लागला तसं बाबांनी यंत्र काढून खिशात टाकलं. मग गाइड काय सांगतोय ते त्यांना ऐकू येईना, मी काय बोलतेय तेही नाही. सगळे फलक मात्र त्यांनी वाचले, एकही ओळ न सोडता. ती त्यांची सवयच आहे. खाली आल्यावर म्हणाले, "बघून झालं, ऐकायचं राहिलं."

मला भांडायचं नाही. पण पुन्हा असं झालं तर गप्पही बसायचं नाही. तुम्ही अशा वेळी काय बोलता?

करवीरकर

ताई, डोळे मिटून पन्हाळा. बारा किल्ल्यांमध्ये वडीलधाऱ्यांसाठी याच्याइतका सोयीचा दुसरा नाही. कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर, आणि गाडी थेट गडावर जाते. गडावर नांदतं गाव आहे, नगरपरिषद आहे, शाळा आहे, तालुक्याची कचेरी आहे. त्यामुळे राहायची, जेवायची, औषधाची, कसलीच अडचण नाही. तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जाकोठी, सगळीकडे वाहन जवळपर्यंत पोचतं.

तुमच्या बाबांना अंबरखान्यात भरपूर वेळ द्या. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं आहेत. एकट्या गंगा कोठारात २५,००० खंडी धान्य मावायचं असं सांगतात. आत गेलं की बाहेरचं ऊन विसरायला होतं, जाड भिंती आणि उंच कमानींमुळे हवा थंड राहते. विज्ञानाच्या मास्तरांना तिथून लवकर निघवणार नाही. सिद्दी जौहरच्या वेढ्यात १६६० साली महाराज इथे महिनोन्‌महिने अडकले होते. ते दिवस कसे निघाले असतील याचा अंदाज ही कोठारं बघितल्याशिवाय येत नाही. पाठ्यपुस्तकात आपण पावनखिंड वाचतो, पण त्याआधीच्या त्या महिन्यांचा विचार कुणी करत नाही, आणि मला तर तोच भाग जास्त मोठा वाटतो.

दिवाळीच्या दिवसांत दुपारी बारानंतर नाक्यावर गाड्यांची रांग लागते. आदल्या दिवशी संध्याकाळी मुक्कामाला या. सकाळी सात ते दहा गड तुमचाच. सज्जाकोठीची वेळ सकाळचीच धरा, खालची दरी तेव्हा स्वच्छ दिसते. दुपारी झुणका-भाकर खाऊन बाबांना झोपू द्या.

गडवाट

रायगड बाबांना दाखवता येईल, फक्त दिवस निवडून. पायथ्याला हिरकणीवाडीत रोपवे आहे, चार-पाच मिनिटांत वर मेणा दरवाजाजवळ सोडतो. तिथून राणीवसा आणि राजसभा गाठायला थोड्या पायऱ्या आहेत, थांबत थांबत जमतील. बाजारपेठेच्या पुढे जगदीश्वर आणि समाधीपर्यंत मात्र बरंच चालणं आहे, उतार-चढही आहे. ते बाबांच्या तब्येतीवर सोडा. भाऊबीज आणि लगतचा शनिवार-रविवार टाळा. त्या दिवसांत रोपवेच्या रांगेतच बाबांचा जीव मेटाकुटीला येईल.

आता तुमचा दुसरा प्रश्न. आम्ही काही जण सुट्टीच्या दिवशी गडांवरच्या टाक्यांतला गाळ काढायला जातो, त्यामुळे या गोष्टीशी नेहमी गाठ पडते. लांबून ओरडून सांगितलेलं कुणी ऐकत नाही. "तुम्हाला लाज वाटते का" म्हटलं की आवाज आणखी वाढतो. जवळ जायचं, ज्याच्या हातात स्पीकर आहे त्याच्याशी बोलायचं, आणि बंद का करायचा याचं त्या जागेचं कारण द्यायचं.

रायगडावर ते कारण आयतंच मिळतं. राजसभा २२० फूट लांब आहे. नगारखान्याच्या दारात उभं राहून हलक्या आवाजात बोललेलं सिंहासनाच्या जागी स्पष्ट ऐकू येतं. गाइड काडी ओढून नाहीतर कागद फाडून दाखवतात. हे बांधकाम हिरोजी इंदुलकरांचं. साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठलंही यंत्र नसताना त्या माणसाने आवाज पोचवून दाखवला, आणि आपण तिथे जाऊन तोच बुडवतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

मी त्या मुलांना म्हणतो, "दोन मिनिटं बंद करता का? तुमच्यातला एक जण तिकडे नगारखान्यात पाठवा, एक गंमत दाखवतो." बहुतेक वेळा मुलं येतात. एकदा का तिकडचं कुजबुजणं इकडे ऐकू आलं की मग स्पीकर सुरू करायची त्यांची त्यांनाच इच्छा राहत नाही. तुमच्याबरोबर तर विज्ञानाचे शिक्षक आहेत. असं का होतं ते त्यांनाच समजावून सांगू द्या.

भिंतीवर नाव कोरणारा दिसला तर मात्र मी गोड बोलत नाही. पन्हाळा, रायगड, शिवनेरी, लोहगड असे बारांतले आठ किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत. तिथल्या वास्तूला इजा केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मी एवढंच सांगतो आणि पहारेकऱ्याला बोलावतो.

सॅक पाठीवर

गडवाटदादा, तुमचं पटलं, पण एक बाजू राहते आहे. स्पीकर म्हटलं की कॉलेजची पोरं डोळ्यांसमोर येतात. मी स्वतः कॉलेजमध्ये आहे. लोहगडाच्या पायऱ्यांवर एका आजींना आमच्या ग्रुपने हाताला धरून महादरवाजापर्यंत नेलं, आणि तिथे पोचलो तर एक चांगलं वयस्कर कुटुंब सतरंजी टाकून गाणी लावून बसलं होतं. म्हणजे याचा वयाशी संबंध नाही. ज्याला गड आणि गार्डन यात फरक वाटत नाही तो कुठल्याही वयाचा असतो.

शिवाय सगळं राज्य एकाच चार दिवसांत त्याच तीन-चार गडांवर जातं, त्याचं काय? बातमी आल्यापासून लोहगडाला रविवारी पाय ठेवायला जागा नसते. मळवली स्टेशनपासूनच रांग. तिकडे खांदेरी मात्र मोकळा, कारण थळहून होडीने जावं लागतं. आणि मुलींसाठी स्वच्छतागृह हा प्रश्न तर कुणी काढतच नाही. माझी बहीण गडावर जायचं म्हणून सकाळपासून पाणी पीत नाही. वारसा यादीत नाव आलं याचा मला अभिमान आहे, पण त्या नावाबरोबर पाण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय आधी यायला हवी. ताई, बाबांना घेऊन जाताना तुम्हीही हे आधी विचारून घ्या.

खाडीकाठचा

विज्ञानाचे शिक्षक म्हटल्यावर मी विजयदुर्गाचं नाव घेतल्याशिवाय राहूच शकत नाही. आमचा तालुका देवगड.

तीन बाजूंनी समुद्र, एकात एक अशी तटबंदी, आणि किल्ल्याबाहेर पाण्याखाली असलेली भिंत. हे तर आहेच. पण १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण विजयदुर्गावरून दिसलं होतं, आणि त्या ग्रहणाच्या अभ्यासातून हेलियमचा शोध लागला. किल्ल्यात ओटे आहेत, त्यांना साहेबाचे ओटे म्हणतात. गावात सांगतात की लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने इथेच दुर्बीण लावली. तसं घडलेलं नाही. त्या ग्रहणात सूर्याच्या वर्णपटाचं गाजलेलं निरीक्षण जान्सेन या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने आंध्रातल्या गुंटूरला केलं. लॉकियरने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट घेतला. त्यातली सोडियमजवळची पिवळी रेषा कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याची नव्हती. पृथ्वीवर हेलियम सापडायला मग १८९५ उजाडलं. खरी हकीकत सांगितली म्हणून आमच्या किल्ल्याचं महत्त्व तसूभरही कमी होत नाही. ग्रहणाची सावली याच तटावरून गेली, एवढं पुरेसं आहे. तुमच्या बाबांना ही गोष्ट तिथे उभं राहून पोरांना सांगायला आवडेल.

एसटी स्टँडपासून किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ. आत चढ फार नाही, तटावर चढायचा हट्ट नको. गर्दी मालवणच्या मानाने खूपच कमी.

मालवणचा सिंधुदुर्ग मात्र विचार करून. किल्ल्यात सपाटी आहे, चालायला त्रास नाही. शिवराजेश्वराचं मंदिर, चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा, खाऱ्या समुद्राच्या मधोमध दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, सगळं बघण्यासारखं. अडचण आहे होडीत चढण्या-उतरण्याची. लाट असेल तर होडी हलते आणि बदललेल्या गुडघ्याला नेमका तोच झटका वाईट. सकाळची पहिली होडी घ्या, धरायला दोन माणसं ठेवा, आणि तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, आधीच सांगून ठेवा. आमचे लोक म्हाताऱ्या माणसाला घाई करत नाहीत. समुद्र खवळलेला दिसला तर धक्क्यावरूनच किल्ला बघा, तोही कमी सुंदर दिसत नाही.

बागलाणची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळे प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. गुंटूरचं ऐकल्यावर त्यांनी लगेच नकाशाचं पुस्तक काढलं आणि ग्रहणाचा पट्टा विजयदुर्गहून गुंटूरकडे कसा गेला असेल ते पट्टी लावून पाहिलं. बराच वेळ त्यातच होते.

ठरलं ते असं. पन्हाळ्याला दोन रात्री, मग विजयदुर्ग, मग मालवण. रायगड या वेळी नाही, तो थंडीत मधल्या वारी बघू. राजसभेचा प्रयोग बाबांना करायचाच आहे. स्पीकरवाले भेटले तर मी स्वतः जवळ जाऊन बोलणार आहे, आणि बाबांचं यंत्र दाखवून सांगणार आहे की यातून तुमचा आवाज कितीतरी मोठा होऊन त्यांच्या कानात जातो. ते त्यांना माहीत नसतं, आणि कळल्यावर बहुतेक माणसं ऐकतील असं मला वाटतं.

@सॅक पाठीवर, तुझ्या बहिणीचं वाचून फार वाईट वाटलं. मीही तेच करते. आईही तेच करायची.

एक राहिलं. पन्हाळ्याहून विजयदुर्गला कुठल्या घाटाने उतरू? बाबांना वळणांचा त्रास होतो.

करवीरकर

गगनबावड्याहून करूळ घाटाने वैभववाडी, तिथून तळेरे, आणि तळेऱ्याहून विजयदुर्ग. घाट दिवसा उतरा. निघण्याआधी गगनबावड्याला चहाला थांबा आणि रस्ता चालू आहे ना ते तिथेच विचारून घ्या, दरड आली की भुईबावड्याकडून वळवतात. बाबांना पुढच्या सीटवर बसवा, पोट भरून जेवण नको, आणि खिशात आवळासुपारी असू द्या.

खाडीकाठचा

तळेऱ्यापासून पुढे ५० किलोमीटरच्या आसपास आहे, पण तास-दीड तास धरा, रस्ता अरुंद आहे. पेट्रोल तळेऱ्यालाच भरा. विजयदुर्गहून मालवणला जाताना देवगडवरून या, म्हणजे वाटेत कुणकेश्वर लागेल. देऊळ अगदी समुद्राला लागून आहे, गाडी जवळ जाते. सावकाश येवा.