प्रवेशोत्सव: भाषणं कमी, टेबलं जास्त

पहिलीच्या प्रवेशोत्सवासाठी, म्हणजे नव्या मुलांच्या स्वागतासाठी, एका ताईंनी बैलगाडीतून मिरवणूक, गुलाबपुष्प आणि पुस्तकवाटप सुचवलं आहे. जरूर करा. पण पाहुण्यांची भाषणं आटोपती घ्या, कारण खरं काम टेबलांवर होतं. २०२२ पासून राज्याच्या 'पहिले पाऊल' या अभियानात एप्रिल आणि जूनमध्ये जे शाळापूर्व तयारी मेळावे सुरू झाले, त्यात नोंदणीपासून पालक मार्गदर्शनापर्यंत ७ टेबलं असतात. तीच मांडणी वापरा.

गणनपूर्व तयारीच्या टेबलाला चिंचोके, खडे, बाटल्यांची झाकणं पुरतात. वेगळे करणं, कमी-जास्त ओळखणं, एवढंच. मूल अडलं की शेजारची आई उत्तर सांगून टाकते. तिला हळूच थांबवा आणि मुलाला वेळ द्या. विकासपत्रावर, म्हणजे मुलाची तयारी टिपायच्या कार्डावर, नोंद करताना आवाज परीक्षेचा नको, नाहीतर मूल तिथंच आईच्या पदराआड जातं.

वेळ सकाळची ठेवा, मजुरीला जाणाऱ्या पालकांना दिवस मोडायला लावू नका. आणि मुलं घरी पावरा, कोलामी किंवा गोरमाटी बोलत असतील, तर नोंदणीच्या टेबलावर ती भाषा बोलणारं गावातलं माणूस हवंच. आपल्या बोलीत नाव विचारलं की लाजरं मूलही चटकन बोलतं. माता गटातली, म्हणजे गावातल्या आयांच्या गटातली, एखादी मावशी आनंदाने बसेल, आधी विचारून ठेवा.