‘रेड’मधले म्हातारे: कौतुक की टिंगल?

बाजीरावरोडवाला:
शनिवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ज्येष्ठ मंडळींसाठी २०१० चा ‘रेड’ हा इंग्रजी सिनेमा लावला होता. सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेतून निवृत्त झालेला फ्रँक (ब्रूस विलिस) घरी एकटाच दिवस ढकलतोय, एका रात्री मारेकरी येतात, मग तो जुन्या साथीदारांना गोळा करत सुटतो. हॉल पोट धरून हसत होता, मला मात्र खटकलं. यात म्हाताऱ्याला किंमत कधी? तर तिशीतल्या पोरासारखी हाणामारी केली की! वृद्धाश्रमातला त्याचा साथीदार जो (मॉर्गन फ्रीमन) बघा. वय ऐंशी, यकृताचा कॅन्सर. आणि त्याला पहिला विनोद काय दिलाय? टीव्हीचं निमित्त करून नर्सला वाकायला लावायचं. वर शेवटी जीव द्यायलाही तोच.

पेन्शनरपेठ:
अहो, सुरुवात विसरलात की काय? फ्रँक पेन्शनचा चेक स्वतःच फाडतो, का, तर ‘चेक आला नाही’ म्हणून पेन्शन ऑफिसातल्या साराला फोन लावता यावा. फोनवर तो तिला अ‍ॅव्होकाडोच्या रोपाचं कौतुक सांगतो. ही टिंगल? चेक फाडणारा पेन्शनर पुण्यात औषधालाही सापडायचा नाही, नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँक उघडायच्या आधी नंबर लावणारी माणसं आपण. पण काउंटरवरच्या मुलीशी दोन वाक्यं जास्त बोलता यावीत म्हणून उगाच पासबुक भरून घ्यायला जाणारे मी पाहिलेत.

तिरकस_तळजाई:
सारा कुणाला आठवली ते बरं झालं. फ्रँक तिला न विचारता उचलून नेतो, तोंडाला चिकटपट्टी लावतो, आणि थोड्याच वेळात बाईंना मजा यायला लागते! पिकल्या वयाचा हीरो म्हणून हे गोड मानायचं का? फ्रँकची जुनी साथीदार झालेल्या हेलन मिरेनसाठी मात्र सगळं माफ. सिनेमा आला तेव्हा ती पासष्टची. पांढरा गाऊन घालून मशीनगन चालवते, आणि चेहरा असा की जणू हळदीकुंकवाला आलीये. आपल्या सिनेमात या वयाच्या बाईला देवघर आणि डोळ्याला पदर, बास.

बाजीरावरोडवाला:
म्हणजे माझंच म्हणणं झालं. मशीनगन हातात आली म्हणून ना ती भारी? आधी फुलं लावत होती तेव्हा कुणी विचारलं नाही.

निवांत_नाना:
मग सीआयएची रेकॉर्डरूम सांभाळणारा अर्नेस्ट बोर्गनाइन? त्या वेळी ९३ वर्षांचा. एकही गोळी न झाडता सीन खाऊन जातो.
आणि फ्रँकचा साथीदार मार्विन (जॉन माल्कोविच). विमानतळावर एका बाईला धरतो, म्हणे ही आपल्या मागावर आहे. सगळे त्याला वेड्यात काढतात, फ्रँक तिची माफी मागतो. पुढे तीच बाई खांद्यावर रॉकेट लाँचर घेऊन उभी! घरोघरी हेच चालतं. आजोबा म्हणतात वायरिंगला वास येतोय, सूनबाई म्हणतात तुमचं काहीतरीच. तुमचा आरोप २०१३ च्या दुसऱ्या भागावर करा, तिथे नुसती पळापळ आहे.

बाजीरावरोडवाला:
बोर्गनाइन मान्य, मार्विनही मान्य. जो आणि त्या नर्सबद्दल मात्र कुणीच बोललं नाही.

तिरकस_तळजाई:
आणि चिकटपट्टीबद्दलही.