झाड एक, नावं चार

एका दादांनी म्हटलंय की जीवाश्मांच्या अभ्यासात एकाच झाडाला चार नावं म्हणजे शास्त्रज्ञांचा पोरखेळ. मला ते पटत नाही.

दगडी कोळसा ज्यांपासून झाला, त्या जुन्या जंगलांतलं एक मोठं झाड घ्या. खोड लेपिडोडेंड्रॉन, मुळं स्टिग्मारिया, शंकू लेपिडोस्ट्रोबस आणि सुटे बीजाणू (नवी रोपं ज्यांतून येतात ते बारीक कण) लायकोस्पोरा. हे तुकडे जमिनीत सुटे-सुटे सापडतात. शंकूच्या आतच बीजाणू मिळाले तरच नातं कळतं. तोवर दिसतं त्याला नाव द्यायचं, दुसरं काय करणार?

म्हणून बीजाणूंचं वर्गीकरण रूपावर चालतं. पोटोनिए आणि क्रेम्प या शास्त्रज्ञांनी 1954च्या सुमारास मांडलेली पद्धत अजून वापरात आहे. आधी बीजाणूवरची खूण बघायची. चार बीजाणू एकमेकांना चौफलकासारखे (चार त्रिकोणी बाजूंच्या पिरॅमिडसारखे) चिकटून तयार झाले, तर प्रत्येकावर तीन फाट्यांची खूण राहते, एका पातळीत झाले तर एकच रेघ. मग कवच गुळगुळीत, काटेरी की जाळीदार, ते.

अडचणही इथेच आहे: रूप सारखं म्हणजे वनस्पती एकच, असं नसतं. आपल्या गोव्यातले खडक बहुतेक फार जुने, त्यांत असले बीजाणू शोधू नका. पण चोडण बेटावरच्या खारफुटीतलं ॲक्रोस्टिकम हे नेचं पाहा. त्याचे बीजाणू त्रिकोणी, तीन फाट्यांचे. तसे गुळगुळीत जीवाश्म मिळाले की डेल्टॉइडोस्पोरा म्हणतात, आणि तसलेच बीजाणू नेच्यांच्या इतर कुळांतही असतात. नुसत्या या नावावरून खारफुटी होती असं ठरवणं मला घाईचं वाटतं.