दोन सशांचं जमत नाहीये, तुमच्याकडे कसं जमलं?

माझ्याकडे कापूस आहे, नर, दीड वर्षाचा, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं, लहानपणापासून एकटाच वाढलेला. दिवसभर एकटा असतो म्हणून जीव तुटायचा, शेवटी मागच्या आठवड्यात चिंगीला घरी आणलं, वर्षभराची असेल, तिचं ऑपरेशन अजून नाही झालेलं. जोडीदार मिळाला की खूश होईल असं वाटलं म्हणून तिला सरळ त्याच्याच खोलीत सोडलं. दहा सेकंद एकमेकांना हुंगलं आणि मग एकदम दोघं भिंगरीसारखे गोल फिरायला लागले, एकाचं तोंड दुसऱ्याच्या पोटाशी, खोलीभर केसांचे पुंजके. मी सोडवायला हात घातला तर मनगटाला कडकडून चावा. चिंगीच्या डाव्या कानाला चीर गेली. तेव्हापासून दोघं वेगळ्या खोल्यांत आहेत आणि मला रात्री झोप नाही, आपण हे काय करून बसलो असं वाटतंय. जमलेले, न जमलेले सगळे अनुभव लिहा प्लीज.

*

ताई, आधी चिंगीचं ऑपरेशन करून घ्या, बाकी सगळं त्यानंतर. माद्यांमध्ये ऑपरेशन केलं नाही तर गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण खूप असतं, त्यामुळे ते तसंही करायचंच आहे. आणि टाके निघाले की लगेच भेटवू नका, हार्मोन्स शांत व्हायला चारेक ते सहा आठवडे जातात.

माझ्या दोन्ही माद्या होत्या, तिळी आणि ढब्बी, आणि पूर्ण तीन महिने लागले. जाळीचे दोन कप्पे शेजारी शेजारी, मध्ये वीतभर मोकळी जागा, कारण जाळीतूनही नाकाला चावतात. रोज संध्याकाळी अदलाबदल करायचे, तिळी ढब्बीच्या कप्प्यात, ढब्बी तिळीच्या, लिटर बॉक्स (शी-शूचा ट्रे) तिथेच ठेवायचा. पहिले चार दिवस तिळीने दुसरीच्या बॉक्सशेजारी लेंड्या टाकून ठेवल्या, मग हळूहळू तिथे बसून गवत खायला लागली, तेव्हा मला कळलं की आता वास ओळखीचा झालाय.

समोरासमोर भेट बाथरूममध्ये, जिथे दोघींपैकी कुणीच आधी गेलेलं नव्हतं. खाली जाड पायपुसणं घातलं, पाय घसरला की ससे घाबरतात. रोज फक्त दहा मिनिटं. आणि काय व्हायचं, दोघी नाकाला नाक लावून डोकं जमिनीला टेकवून बसायच्या, म्हणजे 'तू आधी मला चाट'. कुणीच चाटेना! मग मी एका हाताने हिचं कपाळ आणि दुसऱ्या हाताने तिचं कपाळ एकदमच कुरवाळायचे, दोघींना वाटायचं समोरची करतेय. अकराव्या का बाराव्या दिवशी ढब्बीने खरंच दोनदा जीभ फिरवली, मी तिथेच फरशीवर बसून रडले.

*

हात कधीच घालू नका. जाड हातमोजे किंवा मोठा टॉवेल जवळ ठेवायचा, गोल फिरायला लागले की टॉवेल टाकायचा. कान मागे चिकटलेले आणि शेपटी वर ताठ दिसली तर त्याच्याही आधी. आणि भांडणानंतर केस बाजूला करून अंगभर बघा, केसांखालची जखम वरून दिसत नाही आणि आत पू होतो. पाठीवर चढणं, थोडं पळवणं हे चालू द्यायचं, ते त्यांचं मोठा कोण ते ठरवणं असतं. डोक्याच्या बाजूने चढला तर मात्र लगेच उतरवा, खालचा फार नाजूक जागी चावू शकतो.

*

आमची दोन पिल्लं सख्ख्या बहिणी म्हणून दिली होती. काय प्रेम होतं, एकाच बोळक्यात गोळा होऊन झोपायच्या. चार महिन्यांच्या झाल्या आणि एकदम मारामारी सुरू. डॉक्टरांकडे नेलं तर एक नर निघाला, दुसरी गाभण. महिन्याभरात पाच पिल्लं. मादी व्याल्याबरोबर पुन्हा गाभण राहू शकते हे आम्हाला तेव्हा कळलं, नशिबाने तोपर्यंत वेगळे केले होते. नराचं ऑपरेशन झाल्यावरही काही आठवडे पिल्लं होऊ शकतात बरं का, त्यामुळे तेवढे दिवस लांबच. म्हणून पिल्लं कितीही गोड राहत असली तरी वयात आल्यावरचा भरवसा धरू नका.

*

कुणी सांगितलं म्हणून मी दोघांना एका खोक्यात घालून गाडीतून फिरवलं, घाबरले की एकमेकांना चिकटतात म्हणे. चिकटले, पण ती भीती होती. घरी आल्यावर पुन्हा तेच, आणि धाकट्याने खाणंच सोडलं. सशाने दहा-बारा तास खाल्लं नाही, लेंड्या बंद झाल्या की इमर्जन्सी असते, आतडं थांबतं. रात्री दवाखाना गाठला म्हणून वाचला. मला आजही त्याची माफी मागावीशी वाटते. कृपया हे करू नका.

*

आमचं नाही जमलं, दोन वर्षं झाली. दोघांच्या मध्ये जाळी कायमची, बाहेर सोडायच्या वेळाही वेगळ्या. पण दुपारी दोघं जाळीच्या दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून झोपतात, त्यामुळे मी जास्त हट्ट धरला नाही.

*

जमल्यानंतरचं एक सांगते, एकाला डॉक्टरकडे न्यायचं असेल तर दोघांना न्या. मी एकटीला नेलं, दवाखान्याचा वास घेऊन आली तर दुसऱ्याने ओळखलंच नाही, पुन्हा पहिल्यापासून सगळं. तिथून पुढे तपासणी कुणाचीही असो, दोघं एकाच पेटीत.

*

कापूस-चिंगीवाली मी. तीन महिने होत आले. ऑपरेशन, मग सहा आठवडे शेजारचे कप्पे, रोजची अदलाबदल, मग बाथरूम. मध्ये एकदा पुन्हा केस उडाले, एक आठवडा मागे गेलो. लपायला दोन खोकी ठेवली, दोन्हींना दोन-दोन दारं, म्हणजे कुणी कोपऱ्यात अडकत नाही. काल पहिल्यांदा अख्खी रात्र एकत्र ठेवलं, मी शेजारी गादी टाकून झोपले, झोपले म्हणजे काय, टॉवेल हातात घेऊन पडून होते. पहाटे कापूस धपकन कुशीवर पडला, मला वाटलं काही झालं, उठून बसले, तर चिंगी त्याच्या मानेवर हनुवटी ठेवून दात हळूहळू कुरकुरवत होती. थोड्या वेळाने तो उठला आणि तिचा डावा कान चाटायला लागला, चीर भरून आलीये पण खाच राहिली आहे, ती खाच परत परत.

टॉवेल आज रात्रीही जवळ ठेवणार आहे.