पगार माझा, कात्री सरकारची, पंधराशे बहिणीचे. हे न्याय्य आहे का?

सुदामानगरचा नोकरदार

मंडळी, आपल्या इंदुरातली कालची गोष्ट. सकाळी फोनवर संदेश आला, आगाऊ कराचा हप्ता १५ डिसेंबरच्या आत भरा. (पगारातून टीडीएस, म्हणजे कर, आधीच कापतात. हा वरचा हप्ता एफडीच्या व्याजाचा आणि विकलेल्या थोड्या शेअर्सचा.) तो वाचतोय तोच ओट्याशी भांडी घासणाऱ्या मावशींचा फोन वाजला. ‘लाडली बहना’चे, म्हणजे मध्य प्रदेश सरकार बायकांना दर महिन्याला देतं त्या योजनेचे, १५०० जमा. मावशी हसल्या. मला काही हसू आलं नाही.

वर्षाला पावणेएकोणीस लाख पगार आहे, लपवत नाही. तीस टक्के सरकार घेतं. बदल्यात काय? पोरं खासगी शाळेत, आजारपण खासगी दवाखान्यात, उन्हाळ्यात पाणी टँकरचं. आणि माझ्या पैशावर भोपाळला बसून कुणीतरी ‘भाऊ’ म्हणून मिरवणार. आईजीच्या जिवावर बाईजी उदार! गरिबाला मदत नको असं माझं म्हणणं नाही. पण ज्याच्या खिशातून जातंय त्याला कुणी विचारणार आहे का?

रामबागची लेक

दादा, मावशी कर भरत नाहीत हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्यांच्या मोबाइल रिचार्जवर १८ टक्के जीएसटी आहे, तुमच्याइतकाच. गॅसच्या टाकीवर ५ टक्के. साबण, केसांचं तेल, टूथपेस्ट यांवर सप्टेंबर २०२५ पर्यंत १८ टक्के होता, त्या महिन्याच्या २२ तारखेपासून ५ झाला. नवरा गाडीवर कामाला जात असेल तर पेट्रोल आलं, आणि पेट्रोलवरचा कर आपल्या राज्यात किती ते पंपावर उभं राहिलं की कळतंच. तुम्ही अठरा लाखांतून साबण घेता, त्या सव्वा लाखातून घेतात. वडी एकच, त्यावरचा करही एकच.

एक विचारू? मावशींना महिन्याचे किती देता?

स्पष्टवक्ता

भावनेचा गूळ पुरे, हिशेब बघा. योजनेत सुमारे सव्वा कोटी बायका. गुणिले १५००, गुणिले १२, झाले २२,५०० कोटी. दर वर्षी. यातून शाळेची एक खोली उभी राहत नाही, दवाखान्यात एक खाट वाढत नाही. आणि तारखा पाहा. जून २०२३ मध्ये हजार रुपयांनी सुरुवात, ऑक्टोबरमध्ये १२५०, आणि विधानसभेचं मतदान नोव्हेंबरमध्ये. याला कल्याणकारी राज्य म्हणायचं? २०२२ मध्ये खुद्द पंतप्रधानच ‘रेवडी’वर, म्हणजे मतांसाठीच्या फुकट वाटपावर, बोलले होते, आणि सगळ्यात मोठी कढई त्यांच्याच पक्षाच्या राज्यात चढली.

मालवा मिलचा किराणा

स्पष्टवक्ता भिया, शाळा उभी राहत नसेल, पण माझा गल्ला उभा राहतो. हप्ता पडला की चार-पाच दिवस फरक कळतो. एरवी पाव लिटर तेल सुटं नेणारी बाई लिटरची पिशवी नेते. उधारीच्या वहीतली दोन नावं खोडली जातात. शेअरवाल्याला पंधराशे दिले तर तो माझ्याकडे येणार आहे का? तो घरबसल्या ऑनलाइन मागवतो.

तरी नोकरदार साहेबांचं दुःख मला समजतं. मी जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या दुकानदारांच्या सोप्या योजनेत आहे, उलाढालीवर १ टक्का. नफा झाला, नाही झाला, उंदरांनी पोतं फोडलं, टक्का द्यायचाच. माझ्याकडे कोण बघतं?

आकडेमोड (सीए, तीस वर्षं हेच)

नोकरदार साहेब, तीस टक्के हा आकडा आणला कुठून? प्राप्तिकराच्या नव्या पद्धतीत तुमची शेवटची पायरी २० टक्क्यांची आहे. १८.७५ लाखांतून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली, राहिले १८ लाख. पहिल्या ४ लाखांवर शून्य. पुढच्या ४ वर ५ टक्के, २० हजार. त्यापुढच्या ४ वर १० टक्के, ४० हजार. त्यापुढच्या ४ वर १५ टक्के, ६० हजार. उरलेल्या २ वर २० टक्के, ४० हजार. बेरीज १ लाख ६०, त्यावर ४ टक्के उपकर, एकूण १,६६,४००. शंभरातले नऊ रुपयेही नाहीत. जुन्या पद्धतीत अडकला असाल तर एकदा ऑफिसात येऊन बसा, चहा पाजतो.

सुदामानगरचा नोकरदार

मान्य, तीस बोलायला नको होतं. पण १,६६,४०० म्हणजे महिन्याला जवळजवळ चौदा हजार, माझ्या घराच्या हप्त्याचा अर्धा भाग. वर खरेदीवर जीएसटी, घर घेताना मुद्रांक शुल्क, गाडीचा रोड टॅक्स. आणि सरकारच्या हिशेबात मी ‘श्रीमंत’. बारा लाखांपर्यंत शून्य केलं, वाजतगाजत केलं. मी बाराच्या थोडा वर, मग मला शिक्षा?

परदेशीपुरा

साहेब, तुमचा राग खरा आहे, दिशा चुकली. तुम्ही खाली बघून ओरडताय, वर बघा. वर्ल्ड इनइक्वालिटी लॅबच्या २०२४ च्या अभ्यासात २०२२-२३ चे आकडे आहेत. देशातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये कंपन्यांचा कर २२ टक्क्यांवर आणला, तेव्हा सरकारनंच सांगितलं की वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींवर पाणी सोडतोय. त्या दिवशी रेवडी शब्द कुणाला आठवला नाही. आता नोकरदार-व्यावसायिकांचा प्राप्तिकर कंपन्यांच्या करापुढे गेलाय. तुमच्या शेजारी कुणी शेअर विकून १८ लाख कमावले, तर तो तुमच्या निम्माच कर भरेल. त्याच्यावर धागा काढा की.

आकडेमोड (सीए, तीस वर्षं हेच)

परदेशीपुरा, शेवटचं वाक्य चुकलं. शेअरच्या दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के, खरं आहे. १८ लाखांतून सव्वा लाख माफ, दुसरं काही उत्पन्न नसेल तर ४ लाखांची मूळ सूटही लागते. राहिले पावणेतेरा लाख. कर १,५९,३७५, उपकरासह १,६५,७५०. नोकरदार साहेबांपेक्षा साडेसहाशे रुपये कमी, बस्स.

पण तुमचा मुद्दा वर चढलं की खरा होतो. करपात्र पगार ५० लाख असेल तर कर १० लाख ८० हजार. तेच ५० लाख शेअरचे असतील तर ५ लाख ५९ हजारांच्या आसपास. उपकर दोन्हीकडे वेगळा. जितकं वर जाल तितकी दरी रुंद. सुदामानगरात बसून ती दिसत नाही.

स्पष्टवक्ता

परदेशीपुरा काका, एका राज्याची योजना आणि अख्ख्या देशाचा कंपनी कर एकाच तराजूत टाकता? मग देशातल्या सगळ्या राज्यांच्या असल्या योजना, ८१ कोटी लोकांचं फुकट धान्य, खतं, सगळं टाका आणि मग तोला. कंपन्यांचा कर कमी केला तो कारखाने यावेत म्हणून. पीथमपूरच्या कारखान्यांत ज्यांची पोरं कामाला आहेत त्यांना विचारा. ‘श्रीमंतांना लुटा’ हे आपण करून बसलोय. १९७३-७४ मध्ये वरचा दर अधिभार धरून ९७.७५ टक्के होता. शंभरातले सव्वादोन रुपये हातात ठेवायला कोण खरं उत्पन्न सांगेल? काळा पैसा तिथेच पोसला. वारसा कर १९५३ ला आणला, १९८५ ला गाशा गुंडाळला. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात संपला, कारण वर्षाला जेमतेम हजार कोटी यायचे.

आणि विषमतेचंच म्हणाल तर सरकारी खर्च-पाहणीत ती कमी झालीय. शहरी गिनी गुणांक (विषमतेचं माप, जितका कमी तितकी समानता जास्त) २०२२-२३ मध्ये ०.३१४ होता, पुढच्या वर्षी ०.२८४.

रामबागची लेक

ती पाहणी खर्चाची आहे, कमाईची नाही. मावशींकडे महिन्याला नऊ हजार येतात, नऊच्या नऊ जातात. बंगलेवाल्याकडे वीस लाख येतात, तो तीन खर्चतो. खर्च मोजलात तर दोघांतलं अंतर आपोआप लहान दिसणार. शिवाय बंगल्याचं फाटक पाहणीवाल्याला उघडतं तरी का?

संपत्ती कर हजार कोटीच का यायचा तेही सांगा ना. शेअर्स त्यातून बाहेर, बहुतेक शेतजमीन बाहेर. हाती उरलं काय, तर जादाचं घर, दागिने, गाडी. चाळणीनं पाणी भरायचं आणि विहीर आटली म्हणायचं.

माझा प्रश्न अजून तसाच आहे, नोकरदार दादा. मावशींना किती?

देवासकडची शेती

वाटच बघत होतो, शेतीवर कर नाही हे कोण काढतंय याची. कुणी काढलं नाही, तर मीच काढतो. आमच्या उत्पन्नाला प्राप्तिकर नाही, बरोबर. घटनेनं तो विषय राज्यांकडे दिलाय आणि कुठल्याही पक्षाला हात भाजायचा नाही. पण लावलात तरी काय मिळणार? सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ चा ५३२८ होता, मंडीत त्याच्या बराच खाली विकला, म्हणून तर सरकारला भावातला फरक भरून देणारी भावांतर योजना आणावी लागली. दहा एकरवाल्याचं निव्वळ उत्पन्न बारा लाख झालं तर मी स्वतः पेढे वाटेन. तो शून्यातच बसणार. हां, बायपासला ज्यांची ‘शेती’ स्विमिंग पूलभोवती उगवते त्यांना लावा. खुशाल लावा. त्यांचा गहू कागदावर एकरी किती निघतो ते आम्हालाही शिकायचंय.

पुणेकर, माहेर इंदूर

महाराष्ट्रानं जुलै २०२४ पासून तुमचीच नक्कल केली, ‘लाडकी बहीण’. तेही पंधराशे. पुढे २०२५ मध्ये उघड झालं की हजारो पुरुषांनीही बहीण होऊन पैसे उचलले! आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. मला योजना नको असं नाही, पण तपासणी आधी की निवडणूक आधी, एवढंच ठरवा.

रामबागची लेक

ताई, आमच्याकडे उलटंही आहे. नवी नोंदणी २०२३ नंतर उघडलेलीच नाही. माझ्या ओळखीतल्या एकीचं लग्न २०२४ चं. घरची परिस्थिती मावशींसारखीच, पण ती ‘बहीण’ होऊ शकत नाही, कारण तिला उशीर झाला. गरिबीला शेवटची तारीख असते हे मला ठाऊक नव्हतं.

स्पष्टवक्ता

बघा, तुम्हीच माझा मुद्दा सिद्ध केलात. हक्क असता तर दार उघडं असतं. ही मेहेरबानी आहे, आणि मेहेरबानी देणाऱ्याच्या मनावर चालते. म्हणून म्हणतो, पंधराशे देण्यापेक्षा सरकारी शाळेत मास्तर द्या, आरोग्य केंद्रात डॉक्टर द्या. ते मावशींनाही मिळेल, त्या २०२४ वालीलाही, आणि नोकरदार साहेबांनाही फी भरावी लागणार नाही.

रामबागची लेक

इथे पहिल्यांदा तुमच्याशी पटलं. पण मास्तर येईपर्यंत पोरगी दहावी सोडून कामाला लागलेली असते. पंधराशेत तिची शिकवणी चालते. मला दोन्ही हवंय.

परदेशीपुरा

हक्क आणि मेहेरबानी म्हणालात म्हणून सांगतो, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आपल्या इंदूरची हुकुमचंद मिल, ही कापड गिरणी, डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. कामगारांची देणी म्हणजे योजना नव्हे, साचेखात्यात, रंगखात्यात उभं राहून मिळवलेले पैसे. ते कधी मिळाले? २५ डिसेंबर २०२३ ला २२४ कोटींचा धनादेश निघाला, सुमारे ४८०० कामगारांसाठी. बत्तीस वर्षं! कित्येकांच्या जागी बायकांनी, मुलांनी सह्या केल्या. भागाकार करा, माणशी साडेचार लाखांच्या थोडं वर. आणि या पैशालाही समारंभ झाला, दूरदृश्य प्रणालीवरून पंतप्रधान हजर. घामाचे पैसेही आपल्याकडे कृपा म्हणून येतात, तर लाडली बहनाला हक्क कोण म्हणणार?

गंमत म्हणजे याच गावात होळकर संस्थानानं १९२७ च्या नियमांनी कापड गिरण्यांवर औद्योगिक कर बसवला होता. तेव्हाही सेठ लोक कोर्टकचेऱ्या करायला कमी नव्हते.

मालवा मिलचा किराणा

त्या गिरणीच्या भोंग्यावर आमच्या आजीचा चहा ठरायचा. भोंगा गेला तशी उधारी वाढली. एवढंच मला अर्थशास्त्र येतं.

सुदामानगरचा नोकरदार

दोन दिवस वाचतोय, उत्तर देतो. मावशींना झाडू-पोछा आणि भांडी मिळून १८०० देतो. २०२१ पासून. काल बायकोला विचारलं तर म्हणाली, त्यांनी दोनदा मागून पाहिलं, तू पगारवाढ झाली की बघू म्हणालास. माझी पगारवाढ तेव्हापासून तीनदा झाली. लिहायला बरं वाटत नाहीये, पण ताई सोडणार नाहीत म्हणून लिहिलं. जानेवारीपासून २४०० ठरवलेत.

पण मुद्दा सोडलेला नाही. मावशींना मी किती देतो हा माझा कमीपणा. सरकारनं माझ्याकडून किती घ्यावं आणि कशावर उधळावं हा वेगळा प्रश्न. पन्नास लाखवाला पगारी दहा लाख भरतो आणि शेअरवाला साडेपाच, हे मला आजवर माहीत नव्हतं. ते वाचून राग वाढलाच.

रामबागची लेक

२४०० पण कमीच आहेत दादा. आमच्या गल्लीत तीन हजार चाललेत.

स्पष्टवक्ता

झालं! आता पगार आयोग बसवा मावशींचा.

सुदामानगरचा नोकरदार

आकडेमोड साहेब, एक खासगी शंका इथेच विचारतो. १५ तारीख चुकली तर काय होतं?

आकडेमोड (सीए, तीस वर्षं हेच)

महिन्याला एक टक्का व्याज, तीन महिन्यांचं. आज १३ आहे, उद्या रविवार. पोर्टल रविवारीही चालतं. चहाचं निमंत्रण सोमवारनंतर.