मदत हवी आहे: ‘डझन्ट नो यू फ्रॉम ॲडम’ कुठे वापरतात?

नमस्कार मंडळी,
लंडनच्या टीमसोबत कॉल चालू होता. तिकडची मॅनेजर तिच्या साहेबांबद्दल म्हणाली, ‘ही डझन्ट नो यू फ्रॉम ॲडम, सो आय विल इंट्रोड्यूस यू.’ साहेब मला ओळखत नाहीत, एवढं संदर्भावरून कळलं. पण हा ॲडम कोण? शब्दकोशात ‘अजिबात न ओळखणे’ यापलीकडे काही नाही. बाईबद्दल बोलताना हेच चालतं का? आणि नव्या क्लायंटला मेलमध्ये लिहिलं तर उद्धट वाटेल का? मेल उद्या जायचाय.

प्रतिसाद १:
ॲडम म्हणजे बायबलमधला पहिला पुरुष. सगळी मेख ‘फ्रॉम’मध्ये आहे. इथे ‘कडून’ नाही, तर जुळ्यांतला एक दुसऱ्यापासून वेगळा ओळखायचा, तो ‘फ्रॉम’. हा माणूस आणि ॲडम शेजारी उभे केले तरी कोण कुठला ते सांगता येणार नाही, इतकी अनोळख. लंडनच्या १७८४ सालच्या कोर्टाच्या नोंदींत हा प्रयोग सापडतो. साक्षीदाराला हात झटकायला झकासच!

वापर कायम नकारार्थी. ‘आय नो हिम फ्रॉम ॲडम’ कुणी म्हणत नाही. बाईलाही ॲडमच लावतात. लिफ्टमध्ये रोज मान डोलावणाऱ्या शेजाऱ्याला मात्र हे लावू नका, ती झाली तोंडओळख, ‘नॉडिंग ॲक्वेन्टन्स’.

मेलचं म्हणाल तर स्वतःकडे कमीपणा घेऊन ‘यू डोन्ट नो मी फ्रॉम ॲडम, बट…’ चालतं, पण सूर घरगुती आहे. उलट ‘आय डोन्ट नो यू फ्रॉम ॲडम’ म्हणजे थेट ‘तुम्ही कोण लागून गेलात?’ तसलं काही क्लायंटला पाठवू नका.

प्रतिसाद २:
मराठीत ‘काळा की गोरा तेही माहीत नाही’ म्हणतो तसंच ना?

प्रतिसाद १:
जवळपास. पण ते न पाहिलेल्या माणसाबद्दल. ॲडमवालं समोर उभ्या असलेल्यालाही लागतं. ‘ओळख ना पाळख’ जास्त जवळचं. (पुढचे लोकमान्य टिळक वगळून.)

प्रतिसाद ३:
ऑस्ट्रेलियात ॲडमच्या जागी साबणाची वडी येते, ‘फ्रॉम अ बार ऑफ सोप’. अमेरिकेत जुनी माणसं ‘ॲडम्स ऑफ ऑक्स’ म्हणत. हाकणारा जोडीच्या डावीकडून चालायचा, म्हणून पलीकडचा उजवा बैल तो ‘ऑफ’. ॲडम तर नाहीच, त्याचा लांबचा बैलसुद्धा ओळखीचा नाही!

धागाकर्ता:
भारी! मग मेलची सुरुवात ‘वी हॅव्हन्ट मेट, बट…’ अशी करू?

प्रतिसाद १:
करा. आणि मॅनेजरबाईंना सीसीत ठेवा, ओळख त्याच करून देणार आहेत ना.