‘द पियानो टीचर’: एरिका कोहूटला नेमके काय हवे असते?

प्रश्न:

मिखाएल हानेके यांचा ‘द पियानो टीचर’ (२००१) गेल्या आठवड्यात दुसऱ्यांदा पाहिला आणि पहिल्या वेळी पडलेला प्रश्न अधिकच टोचू लागला. व्हिएन्नात पियानो शिकवणारी एरिका कोहूट वय वाढले तरी आईच्याच धाकात राहते. वॉल्टर क्लेमर हा तरुण विद्यार्थी तिच्या मागे लागतो, तेव्हा ती त्याच्या हाती एक लांबलचक पत्र ठेवते. आपल्याला कसे बांधावे, कसे मारावे, याच्या बारीकसारीक सूचना त्यात लिहिलेल्या असतात. पण तो खरोखरच घरात शिरून हात उगारतो तेव्हा ती गयावया करते. मग तिला हिंसा हवी होती की नव्हती? शिक्षिका आणि विद्यार्थी यांच्यातील निषिद्ध संबंधाची ही गोष्ट आहे, एवढ्या उत्तराने माझे समाधान होत नाही. जाणकारांनी कृपया लिहावे. शेवट उघड झाला तरी चालेल.

पहिला प्रतिसाद:

निषिद्ध संबंध कोणता, इथूनच सुरुवात करायला हवी. क्लेमर पडद्यावर येण्याआधीच चित्रपट आपल्याला मायलेकी दाखवतो. एरिकाला घरी यायला उशीर झालेला आहे. आई तिची पर्स तपासते, आत नवा ड्रेस सापडतो, ओढाताणीत तो फाटतो, एरिका आईचे केस धरते आणि थोड्याच वेळात दोघी रडून एकमेकींची समजूत काढतात. रात्री त्या शेजारी शेजारीच झोपतात. वडील मनोरुग्णालयात आहेत आणि त्यांच्या रिकाम्या जागेवर मुलगी आहे, हे कोणीही बोलून दाखवत नाही, पण त्या पलंगांवरून ते कळते.

हे लक्षात ठेवून पत्राचा प्रसंग पुन्हा पाहावा. एरिकाला खोलीचे दार बंद ठेवण्यासाठी त्याला फर्निचर लावावे लागते, बाहेर आई आहे आणि आत क्लेमर ते पत्र वाचतो आहे. माझ्या मते ते पत्र वासनेचे कमी आणि शिस्तीचे जास्त आहे. जिच्या आयुष्यातला तास अन्‌ तास आईने मोजून घेतला, तिला जवळीक म्हणजे हुकूम आणि त्याची तामिली एवढेच ठाऊक आहे. या वेळी हुकूम तिचा असावा, इतकीच तिची मागणी आहे. क्लेमर आधी किळस करतो आणि नंतर तिच्या अटी झुगारून आपल्या मर्जीने तिच्यावर तुटून पडतो. तो बलात्कारच आहे, त्याला दुसरे नाव देऊ नये. त्यामुळे तिच्या गयावया करण्यात मला कोणताही अंतर्विरोध दिसत नाही.

दुसरा प्रतिसाद:

मी स्वतः पियानो शिकवते, म्हणून वरील विवेचन बरेचसे पटूनही एक भर घालावीशी वाटते. सगळा दोष आईवर टाकला की संगीत निसटते. तालमीच्या वेळी घाबरलेल्या ॲना शोबर या एरिकाच्या विद्यार्थिनीला धीर देण्यासाठी क्लेमर तिच्या शेजारी बसतो, शूबर्टचे संगीत चालू असते आणि कॅमेरा एरिका साकारणाऱ्या इझाबेल हुपेर यांच्या चेहऱ्यावरून हलत नाही. एरिकाचे डोळे भरून येतात. संगीताने की मत्सराने, हे मला आजही सांगता येत नाही. मग ती उठून बाहेर जाते, काचेचा पेला रुमालात गुंडाळून पायाखाली चिरडते आणि ते तुकडे ॲनाच्या कोटाच्या खिशात ओतते. विद्यार्थिनीचा हात कापणे म्हणजे काय, हे पियानो शिकवणाऱ्या बाईला पुरते ठाऊक असते. मूळ कादंबरी (१९८३) लिहिणाऱ्या एल्फ्रीड येलिनेक यांनीही आईच्या हट्टापायी लहानपणापासून संगीताचे शिक्षण घेतले होते. त्या शिस्तीचा जाच त्यांनी आतून ओळखला होता, असे मला वाटते.

प्रश्नकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. आता शेवट वेगळा दिसतो. मैफलीच्या दिवशी एरिका स्वयंपाकघरातला सुरा पर्समध्ये घालून नेते आणि आपल्याला वाटते की तो क्लेमरसाठी आहे. तो मात्र घरच्यांबरोबर हसत येतो, जणू काही घडलेच नाही अशा सहजतेने तिच्याशी बोलतो आणि आत निघून जातो. तेव्हा ती सुरा स्वतःच्याच खांद्याजवळ खुपसते. ॲनाच्या जागी त्या दिवशी तिलाच वाजवायचे होते. ती न वाजवता, आईला आत सभागृहात सोडून, एकटीच रस्त्यावर निघून जाते.